परक्या जहाजावरचा कर कोण भरतो?

बंदरात येणाऱ्या जहाजाकडून पैसे घेणे ही जुनी रीत आहे. धक्का, दीपगृह, गाळ उपसणे यांचा खर्च जहाजाने सोसावा, यात कोणाचे दुमत नाही. पण जहाज कोणाच्या मालकीचे, कोठे बांधलेले, हे पाहून कर बसला म्हणजे ती सेवेची किंमत राहत नाही. ते राजकारण होते. २०२५ साली अमेरिका व चीन यांच्यात जुंपली ती यावरूनच.

या भांडणाचा आरंभ मुत्सद्द्यांनी केला नाही, कामगारांनी केला. मार्च २०२४ मध्ये पाच अमेरिकन कामगार संघटनांनी सरकारकडे अर्ज दिला. चिनी सरकार आपल्या जहाजकारखान्यांना पैसा पुरवते, त्यापुढे आमचे कारखाने टिकत नाहीत, ही त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती. जगातील जहाजबांधणीत चीनचा वाटा १९९९ साली शेकडा पाचाहून कमी होता. २०२३ साली तो निम्म्यावर गेला. अमेरिकेचा शेकडा एकही नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेने चिनी मालकीच्या जहाजांवर दर निव्वळ टनास ५० डॉलर कर बसविला. निव्वळ टन म्हणजे वजन नव्हे, माल भरण्याच्या जागेचे माप. वीस हजार टनांच्या जहाजाला एका फेरीस दहा लाख डॉलर! त्याच दिवशी चीनने अमेरिकन जहाजांवर टनास ४०० युआन लावले. पुढे दोन्ही राष्ट्राध्यक्ष भेटले आणि १० नोव्हेंबरला दोन्ही कर वर्षभरासाठी तहकूब झाले. कर जेमतेम चार आठवडे चालला.

आता प्रश्न असा, की हा पैसा कोणाच्या खिशातून जातो? जहाजमालक तो भाड्यात चढवतो, व्यापारी किमतीत चढवतो, आणि शेवटी गिऱ्हाईक भरतो. अमेरिकेतील शेतमाल निर्यात करणारे आधीच ओरडले; म्हणून रिकामे येऊन माल भरून नेणाऱ्या जहाजांना सूट द्यावी लागली.

मी कामगार चळवळीतला माणूस. त्या पाच संघटनांचे दुःख मला कळते. पण त्यांनी कराबरोबर जहाजबांधणीसाठी निधीही मागितला होता. कर एका हुकुमाने बसतो. निधीला कायदेमंडळ लागते. कारखाना उभा राहतो तो भांडवलाने, कसबी हातांनी आणि वर्षानुवर्षांच्या मागणीने. ते नसेल, तर परक्याची जहाजे अडवून आपल्या कामगाराला काम मिळत नाही. महागाई मात्र त्याच्या घरी येते.