क्लोरीन खाणारे पाणी

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत गेलो असताना तिथल्या गुरुजींनी एक अडचण सांगितली. वाडीला डोंगरातल्या ओढ्याचे पाणी मिळते. पहिल्या पावसानंतर ते फिक्या, कोऱ्या चहासारखे दिसते. टाकीत टीसीएल पावडर नेहमीच्या मापाने पडते, पण नळाच्या पाण्यात ओटी टेस्टचे थेंब टाकले की क्लोरीनचा पिवळा रंग उमटत नाही. "पावडर जुनी असेल का?" असे ते विचारत होते. तसेही होऊ शकते. उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन हळूहळू निघून जातो. पण ही पावडर ताजी होती. क्लोरीन पाण्यानेच खाल्ला होता.

हा चहाचा रंग येतो कुठून? अगदी चहासारखाच, पानांतून! घाटमाथ्याच्या जंगलात वर्षभर पाचोळा साठतो आणि कुजतो. जिवाणू त्यातले पचेल ते खातात. न पचलेला भाग मोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूंच्या रूपाने उरतो. त्यांना ह्युमिक आणि फुल्विक आम्ले म्हणतात. पाऊस ती धुऊन ओढ्यात आणतो. सातारा शहराला पाणी देणाऱ्या कास तलावाभोवतीही असेच जंगल आहे. झाडीतून येणाऱ्या पाण्यात हे पदार्थ कमीअधिक प्रमाणात असायचेच. ते इतके बारीक असतात की फडक्यातूनच काय, वाळूच्या थरातूनही सहज निसटतात.

स्वतः हे पदार्थ विषारी नाहीत. अडचण क्लोरीन टाकल्यावर सुरू होते. जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच क्लोरीनचा बराचसा भाग या रेणूंशी झटापट करण्यात खर्च होतो. या झटापटीतून थोडे क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडेही तयार होतात. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहान्नेस रूक यांनी १९७४ साली हे दाखवून दिले. भारतीय मानकाने २०१२ साली पिण्याच्या पाण्यातील क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम ठरवली.

मग क्लोरीन कमी करावा का? मुळीच नको! क्लोरोफॉर्मचा धोका वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आणि लहान आहे. कॉलरा काही दिवसांतच आणि कावीळ काही आठवड्यांतच येते. करायचे ते एवढेच, की क्लोरीन टाकण्यापूर्वी सेंद्रिय पदार्थ काढून घ्यायचे.

यासाठी आपल्या घरात तुरटी आहेच. ह्युमिक रेणूंवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतला ॲल्युमिनियमचा धन आयन हा प्रभार मारतो. शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात, त्यांना हे रेणू चिकटतात आणि खाली बसतात. मात्र तुरटी पाण्यात सल्फेट सोडते आणि पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खाऊन टाकते. जांभ्या दगडावरून येणाऱ्या मृदू पाण्यात ही ताकद मुळातच कमी. अशा पाण्यात तुरटीबरोबर चुनाही द्यावा लागतो आणि दोन्हींची मापे सांभाळावी लागतात.

विद्युत अपघटनात तेच ॲल्युमिनियम आपण तुरटीऐवजी थेट धातूच्या पट्टीतून देतो. पाण्यात दोन पट्ट्या सोडून एकदिश प्रवाह दिला की धनाग्राची पट्टी विरघळून ॲल्युमिनियमचे आयन देते. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. दोघे मिळून तेच पुंजके! सल्फेट नाही, अल्कताही टिकते. फॅरेडेच्या नियमाने १ अँपिअर प्रवाह १ तासात सुमारे ३३६ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम सोडतो. म्हणजे डोस प्रवाहाच्या बटणावर ठरतो. नॉर्वेतल्या तळ्यांचे पाणीही असेच मृदू आणि तपकिरी असते. तिथल्या संशोधकांनी १९८४ मध्ये ही पद्धत पिण्याच्या पाण्यासाठी वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध केले.

मग सांगलीसारख्या शहरात ती का नको? कृष्णा सांगलीला येईपर्यंत काळ्या जमिनीतून, उसाच्या रानांतून क्षार घेऊन येते. त्यामुळे त्या पाण्यातून वीज तुलनेने सहज वाहते. पण हिशेब करा. लिटरला ५ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम धरले तर १० लाख लिटरला ५ किलो लागेल. १० व्होल्टला त्यासाठी सुमारे १५० युनिट वीज खर्च होईल. तुरटीला वीज जवळजवळ लागत नाही. शहराने तुरटीच वापरावी, असे माझे मत आहे. वाडीचे गणित वेगळे. २०० माणसांना दरडोई ५५ लिटर म्हणजे ११,००० लिटर. डोंगरातल्या पाण्यात क्षार कमी असल्याने वीज अडते. म्हणून ३० व्होल्ट धरले तरी दिवसाला ५ युनिट पुरतात. तेवढी वीज सौरपट्ट्यांतूनही मिळेल. मात्र पट्ट्यांवर ऑक्साइडचा थर चढून प्रवाह मंदावतो, त्यामुळे अधूनमधून प्रवाहाची दिशा उलटवावी लागते. पुंजके वाळूतून गाळावे लागतात आणि टीसीएल शेवटी टाकावीच लागते.

वर्गात हे करून पाहता येईल. वाळकी पाने दोन दिवस पाण्यात भिजवा आणि गाळून, पाणी घालून फिके करा. अर्धा लिटर पाण्यात चिमूटभर मीठ घाला. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींना न लावता बुडवा आणि १२ व्होल्टची बॅटरी जोडा. घरातली मुख्य वीज वापरू नका. हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको. ०.२ अँपिअर प्रवाह पंधरा मिनिटे दिला की सुमारे १७ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम विरघळेल. पाणी तासभर निवू द्या आणि गाळा. आता मूळ पाण्यात व या पाण्यात टीसीएलच्या निवळीचे सारखेच थेंब टाका. अर्ध्या तासाने दोन्हींची ओटी टेस्ट शिक्षकांनी स्वतः करावी. ते द्रावण मुलांच्या हाताला लागू देऊ नये. मूळ पाणी आधीच पिवळट असते, म्हणून थेंब न टाकलेला नमुना शेजारी ठेवूनच रंग ताडा. पानांतल्या साखरेसारखे काही पदार्थ ॲल्युमिनियमला दाद देत नाहीत, तेव्हा फरक दिसला तरी पाणी पूर्ण 'भूक नसलेले' होणार नाही. हे पाणी पिऊ मात्र नका.

प्रयोगशाळेत चांगला तराजू असेल तर नव्या पट्ट्या घेऊन प्रयोग तासभर चालवा. आधी आणि नंतर दोन्ही पट्ट्या धुऊन, वाळवून तोला. फॅरेडेच्या हिशेबाने घट ६७ मिलिग्रॅम यायला हवी. बहुधा ती जास्त भरेल, कारण ऋणाग्राजवळचे पाणी अल्कधर्मी होते आणि त्यात ॲल्युमिनियम विजेशिवायही विरघळते.