चौकटीतली मोकळी खोबण

चीनमधल्या सुजौ शहरातल्या एका दुरुस्तीच्या कारखान्यात चित्रकाराचं जुनं मेज सुटं होताना पाहिलं. लाकूड ह्वांगह्वाली, हायनान बेटावरचं, शिसवाच्या कुळातलं, रंग मधासारखा. मेजाला एकही खण नव्हता. चित्रकार उभं राहून, पुढे झुकून कागदावर हात चालवायचा. खण असते तर आड आले असते. कारागिराने मेज उलटं ठेवलं, पायाच्या मुळाशी लाकडी हातोडी हलकेच मारली आणि पाय सुटा होऊन हातात आला. खिळा कुठेच नाही.

खरी करामत वरच्या फळीत होती. भोवती चार पट्ट्यांची चौकट, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जुळवलेले. चौकटीला आतून खोबण आणि तिच्यात फळीची पातळ केलेली कड नुसती सरकवलेली. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, थंडीत आकसतं. तेवढी जागा खोबणीत आधीच सोडलेली असते. फळी वाकू नये म्हणून खालून एक आडवी पट्टी, तीही तिरक्या कडांच्या खाचेत सरकवून बसवलेली.

या मेजाच्या खोबणीत मात्र मागे कुणीतरी कृत्रिम गोंद भरला होता. फळी जखडली गेली आणि आकसताना लाकडाच्या रेषांच्या दिशेने तडकली.

या मेजाच्या लाकडासारखं कठीण लाकूड बाहेरूनही यायचं. 1567 मध्ये मिंग दरबाराने सागरी व्यापारावरची बंदी सैल केली आणि परदेशी कठीण लाकूड जास्त येऊ लागलं. झितान हे त्यातलंच, म्हणजे आपल्याकडे आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांत वाढणारं रक्तचंदन. सुजौच्या वेन झेनहेंग या विद्वानाने सतराव्या शतकात घरातल्या वस्तूंवर ग्रंथ लिहिला. जुन्या, साध्या घडणीला त्यात मान आहे, भडक सजावटीला नाही. मला त्याचं म्हणणं पटतं. कोरीवकामाखाली ढिला सांधा लपतो. या मेजाच्या सपाट पट्ट्यांवर केसाएवढी फटही दिसते.

वांग शिश्यांग यांनी आयुष्यभर असं फर्निचर जमवलं, अभ्यासलं. त्यांच्या संग्रहातल्या 79 वस्तू आज शांघाय म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या पुस्तकातली सांध्यांची रेखाचित्रं पत्नी युआन च्वानयौ यांनी काढली. एरवी चौकटीत दडून राहणारे सांधे त्यांत उलगडून दाखवलेले आहेत.

कारागीर अरुंद पटाशीने गोंदाचे कण खरवडत होता. तडा त्याच जातीच्या जुन्या लाकडाच्या चिपेने, सरस लावून बुजवायचा होता. खोबणीत मात्र तो काहीच लावणार नव्हता.