मालवाहू वाहनासाठी रंग की व्हिनाइल रॅप?

समजा एका वितरकाकडे जुना छोटा टेम्पो आहे. एका कंपनीचा माल पोहोचवण्याचे कंत्राट त्याला मिळाले असून वाहनावर कंपनीची रंगसंगती आणि नाव हवे आहे. त्याने रंग द्यावा की रॅप लावावा? तो तुम्हालाच विचारतो आहे, असे समजून उत्तर शोधू.

दोन्हींचे कार्य

रंग हा संरक्षक थर आहे. प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो आणि पाणी व ऑक्सिजन यांना अडवतो. कारखान्यातील रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते.

रॅप म्हणजे मागे चिकटद्रव्य असलेली पीव्हीसीची फिल्म. ती पत्र्याला नव्हे, तर आधीच्या रंगाला चिकटते. तिचे दोन प्रकार आहेत. कास्ट फिल्म द्रवरूपातून ओतून बनवतात. ती सुमारे ५० मायक्रॉन जाड असते आणि तिच्यात अंतर्गत ताण फार कमी असतो, म्हणून ती वळणांवर टिकते. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमध्ये दाबून बनवतात. ती स्वस्त पडते, पण उन्हात आकसते. सपाट दरवाजाला ती चालते. हौद्याच्या पन्हळी पत्र्यावर आणि रिव्हेटभोवती मात्र ती उचलली जाते.

आधी पत्रा तपासा

रॅप गंज थांबवत नाही, फक्त झाकतो. फिल्मखाली गंज वाढत राहतो आणि मालकाला तो दिसत नाही. रॅप काढताना सैल झालेला रंगही सोलून येतो. म्हणून गंजलेल्या भागावर घासकाम, प्रायमर आणि रंग आधी करावाच लागतो.

खर्चाची तुलना

पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. वाहन उभे राहिल्यास रोज १,५०० रुपये बुडतात, असे मानू.

रंग: ४०,००० + ६ दिवसांचे ९,००० = ४९,००० रुपये; आयुष्य ८ वर्षे.

रॅप: लावणे व काढणे मिळून ३५,००० + २ दिवसांचे ३,००० = ३८,००० रुपये; आयुष्य ५ वर्षे.

मूळ रंग धड असेल आणि कंत्राट ४ वर्षांचे असेल, तर रॅपमध्ये ११,००० रुपये वाचतात. शिवाय तो काढल्यावर मूळ रंग परत मिळतो. कंत्राट ८ वर्षांचे असेल, तर रॅप दोनदा लागेल: ७६,००० रुपये. तेथे रंग स्वस्त. पत्रा गंजलेला असेल, तर रंग आणि रॅप मिळून ८७,००० रुपये होतात. अशा वेळी रंग द्यावा आणि नाव तेवढे व्हिनाइलच्या अक्षरांत लावावे. कंत्राट संपले की अक्षरे काढता येतात.

लक्षात ठेवा

वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. त्यामुळे रंगाने असो वा रॅपने, संपूर्ण रंग बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. परावर्तक पट्ट्या आणि नंबरप्लेट झाकू नयेत. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट श्वसनास घातक असल्याने फवारणी करणाऱ्या कारागिराला योग्य श्वसनसंरक्षक मिळालाच पाहिजे.

स्वाध्याय

कंत्राट ६ वर्षांचे आणि मूळ रंग धड असेल, तर वितरकाला कोणता सल्ला द्याल? आकडेमोडीसह लिहा.