नेवाड जमीन कुणी काढली? घराची गोष्ट आणि वनहक्काचा कागद

मोलगी हे अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले बाजाराचे गाव. आसपासच्या पाड्यांवरचे भिल्ल आणि पावरा लोक मोहफुले, आमचूर, भगर घेऊन इथे उतरतात. या पाड्यांवर कुणाला शेताविषयी विचारले तर उत्तरात गट नंबर येत नाही, माणसे येतात. आजा-आजी कुठल्या गावाहून आले, कुठल्या उतारावर पहिली कुऱ्हाड चालवली, पहिल्या साली काय पेरले, थोरला मुलगा लग्नानंतर नाल्यापलीकडे कधी राहायला गेला. जंगल साफ करून काढलेल्या अशा जमिनीला इथे 'नेवाड' म्हणतात आणि कसणाऱ्याला नेवाडदार.

आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना ही नुसती आठवणींची गोष्ट वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो पुरावा आहे, आणि हे नीट समजून न घेतल्यामुळे दावे कच्चे राहतात.

इथल्या डोंगरावर आधी काठीसारखी मेवासी संस्थाने होती. पुढे जंगल खात्याचे राज्य आले. तळोद्याच्या वनविभागाचे नाव आजही 'मेवासी' असेच आहे. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगलाला सरकारी हद्द घातली आणि आत शेत कसणारे जोडपे सरकारी भाषेत 'अतिक्रमणदार' ठरले. हा शब्द आपल्याला नवा नाही. गायरान कसणाऱ्या आपल्या आजोबांनाही तोच शब्द लावला गेला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, ते याच प्रश्नावर. कॉम्रेड शरद पाटलांनी धुळे-नंदुरबारच्या आदिवासींमध्ये काम केले, तेव्हाही जंगल आणि जमीन हेच प्रश्न समोर होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने, निदान कागदावर, हे चित्र उलटे केले. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असेल तर प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, त्याचा हक्क मान्य होतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीपुढे.

सिद्ध कसे करायचे? नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे ती वाचताना आम्हाला नेहमी वाटते की ती एखाद्या समाजशास्त्रज्ञाने लिहिली असावी. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टी आहेच. पण त्याबरोबर शेतातले बांध, सपाटीकरण, झोपडी, विहीर, स्मशान, देवस्थान, संस्थानी काळातली कागदपत्रे, जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आणि गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही आहे. यांतले एकाहून अधिक पुरावे लागतात. दंडाची पावती नाही म्हणून तेवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही. उपग्रहाचे चित्र पूरक म्हणून चालते, इतर पुराव्यांच्या जागी नाही. २०१२ च्या दुरुस्तीत हे स्पष्ट लिहिले आहे. तरीही 'नकाशात झाडी दिसते' एवढ्यावर वाद घालणारे भेटतात. त्यांच्यापुढे नियमाची प्रत ठेवावी.

वृद्धांना साल विचारू नये. सन सांगणे ही शाळेत गेलेल्यांची सवय. 'बहात्तरच्या दुष्काळात हे शेत होते का?', 'इंदिरा गांधी गेल्या तेव्हा थोरला केवढा होता?', 'नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा धाकटीचे लग्न झाले होते का?' असे विचारले की घराचा इतिहास आपोआप तारखांवर बसतो. जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, म्हणजे आपल्याला साल मिळाले.

मुलांची वाटणी हा यातला सर्वांत नाजूक भाग. आजा-आजीने काढलेली जमीन मुलांनी लग्नानंतर वेगवेगळे घर करून कसली असेल आणि ते सारे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे असेल, तर प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र दावा करता येतो. सगळे एकाच म्हाताऱ्याच्या नावावर दाखवले तर चार हेक्टरची मर्यादा आडवी येते आणि पुढे भावाभावांत भांडण लागते. म्हणून कोण कधी वेगळे निघाले, कुठला तुकडा कोण कसू लागले, हे आधीच लिहून घ्यावे लागते.

आणि आजी? नेवाड काढताना दगड तिने वेचले, बी तिने राखले, पण गोष्टीत बहुतेक वेळा 'आजाने शेत केले' एवढेच येते. कायद्याचे कलम ४(४) इथे फार पुढे आहे. विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंदवायचा आहे. ही जमीन विकता येत नाही, ती वारसांकडे जाते. हिंदू वारसा कायदा आपल्या बौद्ध मुलींना लागू आहे, अनुसूचित जमातींना सर्वसाधारणपणे नाही. आदिवासी मुलीचा प्रश्न रूढीवर सोडला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ च्या निकालात, मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला वाटा नाकारणे समतेविरुद्ध आहे, असे म्हटले. पट्ट्यावर आजीचे नाव असेल तर मुलीला बोलायला जागा राहते.

जंगलालगत राहणाऱ्या बौद्ध कुटुंबांची वाट अधिक कठीण आहे. ती 'इतर पारंपरिक वननिवासी' या गटात येतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात राहून उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असल्याचे त्यांना दाखवावे लागते. म्हणजे गोष्ट १९३० च्या मागे न्यावी लागते. तेव्हाचे पाहिलेले डोळे आता जवळपास उरलेले नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेले आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

घाई यासाठीच आहे. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधल्या पंधरवड्यात पाड्यापाड्यांवर जी भीती होती, ती कागद नसलेल्या घरांची भीती होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या तरुणांनी एक वही न्यावी. एका पानावर वंशावळ, तीत सुना आणि मुलींची नावे सोडू नयेत. दुसऱ्या पानावर शेताचा हातनकाशा: बांध, विहीर, जुने मोहाचे झाड, घराची जागा. मग वृद्धांचा जबाब. तो दावेदाराचा स्वतःचा चालत नाही, दुसऱ्या वृद्धाचा लागतो. म्हणून आपल्या आजीला शेजाऱ्याच्या शेताची गोष्ट विचारा आणि शेजारच्या आजोबांना आपल्या शेताची. सांगणाऱ्याचे वय, अंगठा किंवा सही, तारीख आणि लिहून घेणाऱ्याचे नाव त्याच पानावर घ्या, आणि एक प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे देऊन पोच घ्या.