नळी आणि गोळी

मोखाड्याच्या पलीकडे, वैतरणेच्या उतारावरच्या एका पाड्यात मी स्टीलचा एक डबा पाहिला. भाकरी ठेवतात तसाच. आत साबणाची वडी, धुतलेला फडका आणि एक बारीक नळी.

घरातली मुलगी आठ वर्षांची. जन्मली तेव्हा तिचा पाठीचा कणा कमरेपाशी उघडा होता. मुंबईत आम्ही शस्त्रक्रिया करून पाठ बंद केली. पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं नुकसान आईच्या पोटातच होऊन गेलं होतं. लघवी साचली तरी या मुलांना कळत नाही. तुंबली की ती उलटी मूत्रपिंडांकडे चढते. पाठीच्या जखमेतून वाचलेली कितीतरी मुलं पुढे मूत्रपिंडं निकामी होऊन गेली.

ही मुलगी तशी जाऊ नये म्हणून तिची आई दिवसातून पाच वेळा नळी घालून लघवी काढते. घरात घड्याळ नाही. उठल्यावर, शाळेआधी, मधल्या सुट्टीत, दिवेलागणीला आणि निजताना, असं तिचं वेळापत्रक आहे. मधल्या सुट्टीत ती शाळेत चालत जाते.

ही युक्ती जॅक लॅपिडीस या मिशिगन विद्यापीठातल्या मूत्ररोगतज्ज्ञाने १९७२ साली मांडली. तोवर नळी म्हणजे पूर्ण निर्जंतुक, हातमोजे घालूनच, असा दंडक होता. लॅपिडीस म्हणाले, जंतूंपेक्षा तुंबलेलं मूत्राशय अधिक घातक. ते ताणलं की त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना थारा मिळतो. वेळच्या वेळी रिकामं करा, साबणपाण्याने स्वच्छ हात पुरेत. हे ऐकून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण बालमूत्रविकारशास्त्रात इतक्या मुलांची मूत्रपिंडं वाचवणारं दुसरं संशोधन मला तरी पटकन आठवत नाही.

साबण परवडतो, पाण्याची मात्र पंचाईत. धो धो पावसाच्या या तालुक्यात मे महिन्यात टँकर येतात. मध्य वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. आम्ही शस्त्रक्रियेआधी हात धुतो तेही याच खोऱ्यातलं असेल.

अशा वेळी डॉ. स्नेहलता देशमुख आठवतात. बालशल्यचिकित्सक, शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता, १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२४ साली त्या गेल्या. हातात सुरी घेणाऱ्या या बाई बोलत आणि लिहीत राहिल्या ते गर्भवतीच्या आहाराबद्दल. शीवमध्ये १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्याबरोबर त्यांचंही नाव तिच्याशी जोडलेलं आहे. गर्भसंस्कारावरचं त्यांचं सगळंच लेखन मला पटतं असं नाही. पण बाळाच्या आजाराचा माग काढत आईपर्यंत जायचं, ही त्यांची दिशा अचूक होती.

पाठीचा कणा मिटतो तो गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत. पाळी चुकल्याचं तोवर जेमतेम लक्षात आलेलं असतं. एक असं मूल झालेल्या बाईने पुढच्या गर्भधारणेआधीपासूनच फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा घेतली तर पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पाहणीने १९९१ मध्ये दाखवून दिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ साली, वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हार-मोखाड्याचं नाव देशभर गेलं. मग योजना आल्या. २०१५ पासूनची अमृत आहार योजना चांगलीच. रोज एक चौरस जेवण. पण गर्भवतीसाठी ती आखली शेवटच्या तीन महिन्यांकरता. सातव्या महिन्यातलं ताट चौथ्या आठवड्यातल्या कण्याला काय उपयोगाचं?

निघताना मी त्या बाईला सहज विचारलं, ‘‘पुढचं मूल?’’

ती लाजली. आशाताईच म्हणाली, ‘‘तिसरा चाललाय डॉक्टर.’’

‘‘आधीपासून गोळ्या घेतल्या होत्या?’’

‘‘नाव लिवलं तवा दिल्या ना.’’ म्हणजे गेल्या आठवड्यात.

नळी कशी धुवायची ते आम्ही तिला चार वेळा करून दाखवलं होतं. पुढच्या बाळंतपणाआधीच्या गोळीबद्दल आमच्यापैकी कुणीही, मीसुद्धा, अवाक्षर काढलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात जव्हारच्या कुटीर रुग्णालयात सोनोग्राफीला यायचं ठरलं. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडणार. मुलीला बरोबर आणा, मी म्हटलं, आणि डबा विसरू नका.