अडलंय कुणाचं?

चीनमध्ये यीवू नावाचं एक शहर आहे. बटणं, मणी, खेळणी, छत्र्या अशा बारीकसारीक मालाची जगातली सर्वांत मोठी घाऊक बाजारपेठ तिथे आहे. नाताळची सजावट तिथून अमेरिकेला जाते, तशीच जानमाज आणि तसबीह अरब देशांत जाते. मणी ओवणाऱ्याला त्यावर काय म्हणतात हे ठाऊक असेलच असं नाही. पण मोजून पाहा, मणी बरोबर निघतात!

चिनी माल स्वस्त, म्हणून खपतो, असं म्हणून आपण मोकळे होतो. मी कवी माणूस, अर्थशास्त्र बी.ए.पुरतंच वाचलेला. तरी एवढ्याने माझं समाधान होत नाही. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला आणि २००९ मध्ये जर्मनीला मागे टाकून सर्वांत मोठा निर्यातदार झाला. त्या चढणीच्या काळात, जुलै २००५ पर्यंत, डॉलरला सुमारे ८.२८ युआन हा भाव सरकारने धरून ठेवला होता. चलन स्वस्त ठेवलं की परक्याला माल स्वस्त पडतो. पण त्याच हिशेबाने चिनी कामगाराला बाहेरची वस्तू महाग पडते. तिथल्या राष्ट्रीय उत्पन्नात कुटुंबांचा खर्च जेमतेम ४० टक्के, आपल्याकडे तो ६०च्या आसपास. आजारपण, म्हातारपण, मुलाचं शिक्षण यांच्या धास्तीने तो कामगार पैसा गाठीला बांधतो. घरात न खपलेला माल मग बंदराकडे जातो. २०२४ मध्ये चीनची निर्यात आयातीपेक्षा सुमारे ९९२ अब्ज डॉलरने जास्त होती. या आकड्यात त्या घरांची काटकसरही आहे, हे कुणी बोलत नाही.

पण कोणत्या देशाशी व्यवहार कसा होणार, हे नुसत्या भावावर ठरत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही आपली म्हण इथे चपखल लागू पडते. २०२० मध्ये करोनाच्या उगमाची चौकशी व्हावी, असं ऑस्ट्रेलिया म्हणाला. चीनने रागाने त्यांच्या बार्लीवर, वाइनवर जबर कर बसवले. लोहखनिजाला मात्र हात लावला नाही. कारण चीनच्या पोलाद भट्ट्यांचं निम्म्याहून अधिक आयात खनिज तिथूनच येतं.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा कर १४५ टक्क्यांपर्यंत नेला. थोड्याच दिवसांत स्मार्टफोन आणि संगणक नव्या वाढीव करातून वगळावे लागले. चीनने तिकडे काही दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. ही खनिजं लागतात विजेच्या मोटारींच्या चुंबकांना, आणि ती शुद्ध करण्याचं काम बहुतेक सगळं चीनमध्येच होतं. मे महिन्यात दोघांनीही कर बरेच उतरवले. इथे प्रेमाचा प्रश्न नव्हता, दोघंही अडलेले होते.

आणि आपण? २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून घेतलेला माल तिकडे विकलेल्या मालापेक्षा सुमारे ९९ अब्ज डॉलरने जास्त होता. मला त्या आकड्यापेक्षा औषधांची काळजी वाटते. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलीन बनत होतं. पुढे देशात इतर कारखानेही निघाले. मग चिनी माल इतक्या कमी भावात येऊ लागला, की पेनिसिलीन-जी हा मूळ कच्चा माल इथे बनवणं कुणालाच परवडेना. कारखाने एकेक करून थांबले. आपण गोळ्या बनवतो, जगाला विकतोही; पण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचा कच्चा माल चिनी बंदरातून येतो. जहाज थांबलं, तर खोळंबा दुकानदाराचा नाही, तापाने फणफणलेल्या पोराचा होईल.

२०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ, सरकारी प्रोत्साहन योजनेतून, पेनिसिलीन-जीचा नवा कारखाना सुरू झाला. त्याचीही गाठ चिनी भावाशीच आहे.