पोचपावतीवरील तारीख

बेकारी भत्ता म्हणजे शासनाने दाखविलेली दया, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. आपल्या देशातील ग्रामीण मजुरांच्या बाबतीत तरी हा समज खरा नाही. काम देण्याचे वचन शासनाने कायद्याने दिलेले असते. ते मुदतीत पाळले गेले नाही, तर त्याची भरपाई म्हणून जी रक्कम द्यावी लागते ती म्हणजे बेकारी भत्ता होय. ही रक्कम मजुराच्या हाती क्वचितच पडते. असे का घडते आणि ती मिळविण्यासाठी मजुराजवळ कोणती साधने असतात, याचा विचार या लेखात केला आहे.

या कल्पनेचा उगम महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या आणि तलावांच्या कामांवर राबत होते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली. या योजनेसाठी नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात होती. रक्कम अल्प होती, परंतु तत्त्व मोठे होते. 'काम नाही' हे उत्तर शासनाला प्रथमच फुकट देता येणार नव्हते.

हेच तत्त्व संसदेने २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात स्वीकारले. २००६ च्या फेब्रुवारीत २०० जिल्ह्यांपासून आरंभ झालेला हा कायदा १ एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी त्याने दिली. अर्ज मिळाल्यापासून, अथवा आगाऊ अर्ज केला असल्यास ज्या तारखेपासून काम हवे असेल त्या तारखेपासून, पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता देय होत असे. आर्थिक वर्षातील पहिल्या तीस दिवसांसाठी तो मजुरीच्या एक चतुर्थांशाहून कमी नसावा आणि उरलेल्या काळासाठी निम्म्याहून कमी नसावा, असा दंडक होता.

आता अडचणीचे मूळ पाहू. या कायद्याखालील मजुरीचा खर्च केंद्र सरकार करीत असे. बेकारी भत्त्याचा भार मात्र राज्य सरकारवर टाकलेला होता. राज्याने तत्परतेने काम द्यावे, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. काम देऊन भत्ता टाळता येतो, तसाच मागणीची नोंदच न करूनही तो टाळता येतो. आणि हा दुसरा मार्ग अधिक सोपा असतो. "काम निघाले की कळवू", "अर्जाची काय गरज, नाव सांगून जा", "तारीख आम्ही नंतर घालू" अशी उत्तरे कार्यालयांतून दिली जातात. ती उद्धटपणाची नसतात, कित्येकदा सौजन्याचीच असतात. परंतु त्या क्षणी मजुराचा हक्क कागदावर जन्मालाच आलेला नसतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या तपासणीतही अर्जांवर तारखा नसल्याचे आणि पोचपावत्या दिल्या गेल्या नसल्याचे वारंवार आढळून आले.

तारखेचे मोल किती असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सोयीसाठी दिवसाची मजुरी २०० रुपये धरू. एका मजूर स्त्रीने १ मे रोजी अर्ज केला आणि २४ जूनपर्यंत काम मागितले. त्या वर्षी तिच्या घरी कोणालाही काम किंवा भत्ता मिळालेला नाही. पंधरा दिवसांची मुदत १५ मे रोजी संपते. १६ मे ते २४ जून असे चाळीस दिवस तिला काम मिळाले नाही, तर पहिल्या तीस दिवसांचे दररोज ५० रुपयांप्रमाणे १,५०० आणि पुढील दहा दिवसांचे दररोज १०० रुपयांप्रमाणे १,००० असे एकूण २,५०० रुपये तिला देय होतात. समजा, कार्यालयाने तिच्या अर्जावर ११ मे ही तारीख घातली. मग भत्त्याचे दिवस तीसच उरतात आणि रक्कम १,५०० रुपये होते. दहा दिवसांच्या विलंबाने ५०० नव्हे, तर १,००० रुपये बुडतात. कारण जे दिवस गळतात ते चढ्या दराचे असतात. आणि पावतीच नसेल, तर हाती काहीही येत नाही.

म्हणूनच अर्ज स्वीकारून तारखेसह पावती देणे २००५ च्या कायद्याने बंधनकारक केले होते. अर्ज ग्रामपंचायतीकडे किंवा तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे करता येई. एका दाराशी नकार मिळाला तरी दुसरे दार मोकळे असे. अनेक मजुरांना मिळून एकत्र अर्ज करण्याचीही मुभा होती. एकट्या बाईला परत पाठविणे सोपे असते. पन्नास जणांचा अर्ज परत पाठविणे तितके सोपे नसते.

पावती हाती आल्यावरही विलंब होऊ शकतो. त्यासाठी कायद्यात पायऱ्या घालून दिलेल्या होत्या. देय झालेला भत्ता पंधरा दिवसांच्या आत द्यावयाचा होता. आपल्या आवाक्याबाहेरील कारणामुळे तो देता येत नसल्यास कार्यक्रम अधिकाऱ्याने ते कारण जिल्हा समन्वयकास कळवून स्वतःच्या कार्यालयाच्या व ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर लावावे, असे बंधन होते. न दिलेल्या किंवा उशिरा दिलेल्या भत्त्याचे प्रत्येक प्रकरण जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात सकारण नमूद करावे लागे. तक्रार आल्यास ती नोंदवहीत घेऊन तिचा निकाल सात दिवसांत लावावयाचा होता. कायद्याचा भंग करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाचीही तरतूद होती. यांतील प्रत्येक पायरीवर प्रथम विचारला जाणारा प्रश्न एकच असे: अर्ज केव्हा केला?

मजुराकडूनही काही चुका घडतात, आणि त्या हक्काच्या मुळावर येतात. काम दिल्याची सूचना मिळाल्यावर पंधरा दिवसांत हजर न झाल्यास, अथवा परवानगीवाचून एका आठवड्याहून अधिक काळ सतत गैरहजर राहिल्यास, तीन महिन्यांपर्यंत भत्ता मागता येत नसे. सूचना मिळाली नाही, असे नंतर सांगून सहसा भागत नाही. यास्तव अर्ज केल्यानंतर अधूनमधून सूचनाफलक पाहणे आणि आजारपणासारखे कारण असल्यास ते लेखी कळविणे हिताचे असते.

हे सारे कागदावरच राहते असे मात्र नव्हे. मध्य प्रदेशातील बडवाणी जिल्ह्याच्या पाटी भागात आणि झारखंडमधील लातेहार जिल्ह्याच्या मनिका भागात मजुरांनी संघटितपणे पाठपुरावा करून बेकारी भत्ता प्रत्यक्ष मिळविला. दोन्ही प्रदेश आदिवासी आणि दरिद्री आहेत. कायदा सर्वत्र सारखाच होता. येथे त्याचा वापर करणारी माणसे एकत्र उभी राहिली, इतकाच फरक.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा आणि १२५ दिवसांच्या कामाची हमी देणारा नवा कायदा संमत केला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, ही कल्पना त्यातही कायम आहे. नियम, नमुने व अधिकाऱ्यांची पदनामे पालटू शकतील. ती त्या त्या वेळी ग्रामपंचायतीत समजून घ्यावी लागतील. परंतु मुदतीवर आधारलेला कोणताही हक्क तारखेवाचून सिद्ध होत नाही, ही गोष्ट पालटणारी नाही.

गावातील वाचनालय, शाळा अथवा तरुण मंडळ यांना येथे एक साधे काम करता येण्याजोगे आहे. ज्याला अक्षरओळख नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा, त्याच्याबरोबर कार्यालयापर्यंत जावे आणि पावतीवर तारीख, सही व शिक्का असल्याची खात्री झाल्यावाचून परत फिरू नये. त्या कागदाची एक प्रत घरी जपून ठेवावी. काम मिळाले तर उत्तमच. कारण मजुराला मुळात भत्ता नव्हे, कामच हवे असते. परंतु काम मिळाले नाही, तर त्या रिकाम्या दिवसांचा हिशेब मागण्यासाठी त्याच्याजवळ त्या कागदावाचून दुसरे काही नसते.